काळी नदी आणि जळालेल्या वह्या

काळं पाणी म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट आठवते. अंदमान. ‘काळ्या पाण्याची शिक्षा’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत इतका मुरलाय की त्यातलं पाणी खरंच काळं असतं का, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही येत नाही. (अंदमानचं पाणी चांगलं निळंहिरवं आहे!) पण मंडळी, खरोखर काळं पाणी असलेल्या नद्या जगात आहेत आणि त्यातली सगळ्यात मोठी दक्षिण अमेरिकेत वाहते. नाव अगदी सरळसोट, रिओ नेग्रो. पोर्तुगीजमध्ये रिओ म्हणजे नदी आणि नेग्रो म्हणजे काळा. आपली कृष्णा, तशी त्यांची ही.

गेले काही महिने मी या नदीबद्दल मिळेल ते वाचतोय. सुरुवात झाली ती प्राणी-पक्षी-माशांच्या कुतूहलापोटी. वाचता वाचता मात्र वेगळंच काहीतरी हाती लागत गेलं, ते आज इथे लिहून काढतो. लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी थोडा भूगोल. ही नदी कोलंबियात उगम पावते, तिथे तिला ग्वाइनिया म्हणतात. मग ती कोलंबिया आणि व्हेनेझुएलाच्या सीमेवरून वाहत ब्राझीलमध्ये शिरते आणि मानाउस शहराजवळ अ‍ॅमेझॉनला मिळते. लांबी सुमारे सव्वादोन हजार किलोमीटर. खोरं सुमारे सात लाख चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं! मानाउसच्या खाली जिथे संगम होतो तिथे समोरून सोलिमोइस नदी येते. (अ‍ॅमेझॉनच्या मुख्य प्रवाहाला ब्राझीलचे लोक या संगमापर्यंत सोलिमोइस म्हणतात, अ‍ॅमेझॉन हे नाव त्यानंतर.) सोलिमोइस अँडीज पर्वतातून गाळ घेऊन येते, तिचा रंग दुधाच्या चहासारखा. रिओ नेग्रो म्हणजे कोरा चहा. आणि हे दोन चहा सुमारे सहा किलोमीटर एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी वाहतात! दोघींचा वेग वेगळा, पाण्याची घनता वेगळी, तापमानही वेगळं, त्यामुळे मधली रेघ आखल्यासारखी दिसते. प्रयागला गंगा-यमुनेचे दोन रंग दिसतात म्हणतात, त्याचीच ही राक्षसी आवृत्ती समजा.

आता पाणी काळं का? तर चहा का होतो, त्याच कारणाने. या नदीचं बरंचसं पाणी अतिशय जुन्या खडकांवरून आणि पांढऱ्याशुभ्र वाळूच्या जमिनीवरून येतं. त्या वाळूत झाडांना खायला जवळजवळ काही नाही. अशा जमिनीत एक पान वाढवणंसुद्धा झाडाला महाग पडतं, म्हणून ते पान किड्यांनी खाऊ नये यासाठी झाड त्यात टॅनिनसारखी कडू द्रव्यं भरून ठेवतं. डॅनियल जान्झेन या शास्त्रज्ञाने १९७४ साली ही कल्पना मांडली. पानं गळतात, सावकाश कुजतात, पावसात त्यांचा अर्क उतरतो आणि वाळू तो अडवत नाही. झाला चहा तयार. हातात घेतलं तर पाणी फिकट तपकिरी दिसतं, खोलवर मात्र काळंभोर. ते आंबट असतं आणि त्यात क्षार इतके कमी की पावसाच्या पाण्याशी बरोबरी व्हावी. डासांच्या अळ्यांचीही अशा पाण्यात पंचाईत होते. १८०० साली या भागात आलेल्या अलेक्झांडर फॉन हम्बोल्टने हे लिहून ठेवलंय. ओरिनोकोवर डासांनी त्याला फोडून काढलं होतं, काळ्या पाण्यात आल्यावर त्याला झोप लागली.

डास नाहीत, पण मग मासेही कमी, शेतीही बेताची. म्हणून अशा नद्यांना तिकडे ‘भुकेच्या नद्या’ म्हणत आले आहेत. युरोपातून आलेल्या बहुतेकांनी रिओ नेग्रोचं वर्णन याच सुरात केलंय. शांत, सुंदर, निर्मनुष्य, उपाशी.

यातले ‘उपाशी’ आणि ‘निर्मनुष्य’ हे दोन शब्द जरा तपासून बघण्यासारखे आहेत.

उपाशी म्हणावं तर या एकट्या नदीच्या खोऱ्यात माशांच्या अकराशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत! एकेका जातीचे मासे थोडे, पण जातींना सुमार नाही. नदी वर्षातून एकदा दहा-बारा मीटर चढते आणि काठचं जंगल महिनोन्‌महिने पाण्यात जातं. या बुडणाऱ्या जंगलाला तिथे इगापो म्हणतात. झाडं बुंध्यापर्यंत, काही तर शेंड्यापर्यंत बुडतात आणि तरी जगतात. मासे फांद्यांमधून पोहतात. पुष्कळ झाडांची फळं नेमकी पुराच्या वेळी पिकून पाण्यात पडतात, मासे ती खातात आणि बिया दूरवर नेऊन टाकतात. आपल्याकडे हे काम बुलबुल आणि वटवाघळं करतात, तिथे मासे करतात. नदीत खायला नाही म्हणून मासे जंगल खातात, असं म्हणा ना. त्यांच्या मागावर गुलाबी डॉल्फिन फांद्यांमधून वाट काढत येतात. त्यांच्या मानेची हाडं जोडलेली नसल्यामुळे त्यांना मान वळवता येते, बुडालेल्या जंगलात त्याचा चांगला उपयोग होतो.

या नदीतला एक जीव तुम्ही नक्की पाहिलाय. डॉक्टरांच्या दवाखान्यात वाट बघत बसलेलो असताना कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीत निळ्या-लाल पट्ट्यांचे इवलेसे मासे फिरत असतात ना? त्यातला लाल पट्टा डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग असेल तर तो कार्डिनल टेट्रा. त्याचं मूळ घर म्हणजे रिओ नेग्रो आणि ओरिनोकोचं खोरं. रिओ नेग्रोकाठच्या बार्सेलोस गावाची कित्येक कुटुंबं हे मासे पकडून पोट भरत आली. गावात शोभेच्या माशांचा उत्सवही भरतो. त्यात एक गट कार्डिनलचा आणि दुसरा डिस्कस माशाचा, आणि दोघांत जोरदार चुरस!

असो. उपाशी या शब्दाचा निकाल लागला. आता निर्मनुष्य.

या नदीचं नाव पहिल्यांदा कागदावर आलं ते १५४२ साली. फ्रान्सिस्को दे ओरेयाना हा स्पॅनिश सरदार अ‍ॅमेझॉनमधून खाली समुद्राकडे चालला होता आणि त्याच्या नावेत गास्पार दे कार्वाहाल नावाचा पाद्री सगळं टिपून ठेवत होता. ३ जूनला डाव्या हाताला त्यांना एक मोठी नदी येऊन मिळताना दिसली. पाणी शाईसारखं काळं आणि कितीतरी अंतर मुख्य प्रवाहात न मिसळणारं. तिथेच तिचं बारसं झालं. याच कार्वाहालने मुख्य नदीकाठच्या दाट वस्तीबद्दल, गावामागून गाव लागत जाण्याबद्दल लिहिलं. पुढच्या शतकांत आलेल्या लोकांना तसलं काही दिसलं नाही, त्यामुळे पाद्रीबुवांनी थापा मारल्या असं मानायची पद्धत पडली.

पण जमीन वेगळं सांगते. मानाउसच्या आसपास आणि रिओ नेग्रोच्या काठावर अधूनमधून काळ्याभोर, कसदार मातीचे पट्टे सापडतात. आजूबाजूला नापीक पांढरी-पिवळी जमीन आणि मधेच ही माती. आपली दख्खनची काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झाली. तिथली माणसांनी केली आहे! कोळसा, माशांचे काटे, राख, खापरं, खरकटं... शेकडो वर्षं एका जागी राहणाऱ्या गावांची ही उरलेली खूण. ‘तेर्रा प्रेता’, म्हणजे काळी माती, असंच तिचं नाव. आजही शेतकरी ती शोधून तिच्यात पीक घेतात. नदी निर्मनुष्य नव्हती. ती निर्मनुष्य केली गेली.

कशी, तेही नोंदलेलं आहे. १६६९ साली पोर्तुगीजांनी संगमाजवळ एक किल्ला बांधला. त्यानंतर नदीवर गुलाम पकडणाऱ्या टोळ्यांचं येणंजाणं सुरू झालं. माणसं पकडून खाली बेलेंकडे मळ्यांवर न्यायची. त्यांच्याबरोबर देवी आणि गोवर वर आले. १७४० च्या दशकात साथींनी या भागात हाहाकार केला. नदीच्या मधल्या भागात मानाओ नावाचे लोक होते, व्यापारात मुरलेले आणि लढाईत कणखर. १७२० च्या दशकात त्यांच्या आजुरिकाबा नावाच्या पुढाऱ्याने पोर्तुगीजांना टक्कर दिली. अखेर तो पकडला गेला. १७२७ साली बेड्या घालून बेलेंला नेत असताना त्याने साखळदंडासह नदीत उडी घेतली आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. सावरकरांच्या मार्सेलिसच्या उडीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट वाचताना थोडं चमकायला होतं. पुढे मानाओ लोक संपत गेले. किल्ल्याभोवती वाढलेल्या शहराला मात्र १८५६ साली त्यांचंच नाव दिलं गेलं. मानाउस. माणसं गेली, पाटी राहिली.

आता त्या वह्यांकडे येतो, ज्यांच्यामुळे हा लेख लिहायला बसलो.

या नदीचा अभ्यास करायला एकामागून एक मोठी माणसं आली. आणि काय योगायोग बघा, त्यातल्या बहुतेकांच्या मेहनतीचं काहीतरी अघटित झालं.

पहिला अलेशान्द्रे रोद्रिगेस फेर्रेइरा. जन्म ब्राझीलमधल्या बाइयाचा, शिक्षण पोर्तुगालमधल्या कोइंब्राचं. पोर्तुगालच्या राणीने त्याला १७८३ साली या भागाच्या पाहणीवर पाठवलं. बरोबर दोन चित्रकार. १७९२ पर्यंत, म्हणजे तब्बल नऊ वर्षं, तो रिओ नेग्रो आणि आसपासच्या नद्यांवर हिंडला. प्राणी, मासे, वनस्पती, मुखवटे, हत्यारं, हजारो वस्तू त्याने लिस्बनला पाठवल्या. परत गेल्यावर मात्र कारकुनी गळ्यात पडली आणि त्याचा मोठा ग्रंथ काही छापला गेला नाही. १८०८ साली नेपोलियनचं सैन्य लिस्बनमध्ये होतं. तेव्हा पॅरिसहून ज्योफ्रॉय सेंट-हिलेर हा प्राणिशास्त्रज्ञ आला आणि संग्रहातले निवडक नमुने पॅरिसला घेऊन गेला. त्यातल्या एका डॉल्फिनवरून पुढे १८१७ साली फ्रान्समध्ये गुलाबी डॉल्फिनचं शास्त्रीय बारसं झालं. नाव काय ठेवलं असेल? इनिया ज्योफ्रेन्सिस! ज्याने वर्षानुवर्षं नदीवर काढली तो बाजूला राहिला आणि ज्याने खोकी उचलून नेली त्याचं नाव डॉल्फिनला चिकटलं. फेर्रेइरा १८१५ साली वारला, त्याला हे बघावं लागलं नाही एवढंच.

दुसरा हम्बोल्ट. १८०० साली तो आणि त्याचा फ्रेंच सोबती बॉनप्लां व्हेनेझुएलाच्या बाजूने रिओ नेग्रोवर उतरले आणि कासिकियारे या विलक्षण जलमार्गाने ओरिनोकोला परत गेले. हा मार्ग म्हणजे दोन महानद्यांची खोरी जोडणारा नैसर्गिक कालवा. ब्राझीलच्या हद्दीत तो गेला नाही. तो आला तर त्याला पकडावं असा पोर्तुगीजांचा हुकूम होता. पुढे त्याने आपल्या संग्रहाचा एक भाग एका फ्रान्सिस्कन पाद्र्याबरोबर युरोपला पाठवला. ते जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बुडालं, संग्रहासकट आणि पाद्र्यासकट.

तिसरा योहान नाटरर. व्हिएन्नाचा. १८१७ साली ब्राझीलला गेला तो अठरा वर्षं तिथेच रमला. लग्नही याच नदीकाठच्या बार्सेलोसमध्ये केलं. त्याने पाठवलेल्या माशांमधूनच डिस्कस माशाची शास्त्राला ओळख झाली. तो १८४३ साली वारला. १८४८ च्या क्रांतीत व्हिएन्नाच्या राजवाड्यावर तोफा डागल्या गेल्या, आग लागली आणि तिथे ठेवलेल्या त्याच्या रोजनिशा आणि टिपणं जळून गेली. पक्षी उरले, मासे उरले. ते कुठे, कसे, कुणाच्या मदतीने मिळाले ते सांगणारी वही गेली.

चौथा आल्फ्रेड रसेल वॉलेस. याच्याविषयी मला जरा जास्तच माया आहे, कारण हा गडी गरीब घरचा. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेली. मित्र हेन्री बेट्सबरोबर १८४८ साली पक्षी-फुलपाखरं विकून खर्च भागवू म्हणत अ‍ॅमेझॉनला आला. धाकटा भाऊ हर्बर्ट मदतीला आला आणि १८५१ साली बेलेंला पीतज्वराने गेला. वॉलेस तेव्हा रिओ नेग्रोच्या वरच्या अंगाला होता. तो स्वतःही तापाने मरता मरता वाचला. चार वर्षांनी परत निघाला तेव्हा आधी पाठवलेल्या पेट्याही वाटेत अडकून पडलेल्या होत्या, म्हणून त्याही सोबत घेतल्या. ६ ऑगस्ट १८५२ रोजी भर समुद्रात ‘हेलन’ जहाजाला आग लागली. त्याने घाईघाईत एका पत्र्याच्या पेटीत काही चित्रं आणि टिपणं कोंबली आणि होडीत उतरला. बाकी सगळं, पक्षी, किडे, रोजनिशा आणि सोबतचे जिवंत प्राणीसुद्धा, डोळ्यांदेखत जळलं. दहा दिवस उघड्या होडीत काढल्यावर एका जहाजाने त्यांना उचललं.

त्या पेटीत काय वाचलं? ताडवर्गातल्या झाडांची आणि रिओ नेग्रोच्या माशांची पेन्सिलचित्रं. माशांची चित्रं दोनशेवर आहेत. ती पुस्तकरूपाने छापली गेली २००२ साली, म्हणजे जहाज जळाल्यावर बरोबर दीडशे वर्षांनी.

आणि घरी पोचल्यावर त्याच वर्षी वॉलेसने अ‍ॅमेझॉनमधल्या माकडांवर एक निबंध वाचला. त्याचा मुद्दा असा की मोठ्या नद्या या माकडांच्या सीमा आहेत. रिओ नेग्रोच्या एका काठाला जे माकड आहे ते दुसऱ्या काठाला नाही. एखादी जात कुठे मिळाली याची नेमकी जागा लिहून ठेवलीच पाहिजे, हा त्याचा आग्रह. प्राण्यांचा भूगोल नावाचं शास्त्र पुढे याच वाटेने उभं राहिलं आणि १८५८ साली डार्विनबरोबर ज्याचा उत्क्रांतीवरचा निबंध वाचला गेला तो हाच वॉलेस.

त्या माकडांच्या निबंधात एक गोष्ट तो सहज सांगून जातो. तिथल्या शिकाऱ्यांना हे सगळं पक्कं ठाऊक आहे, अमुक प्राणी हवा असेल तर ते सरळ नदी ओलांडून पलीकडे जातात. मी हे वाचून थांबलो. म्हणजे ज्ञान आधीपासून होतंच की! वॉलेसची पेटी जळाली तरी ते जळलं नसतं, कारण ते पेटीत नव्हतंच. ते शिकाऱ्याच्या डोक्यात होतं. आणि वॉलेसचा मोठेपणा असा की त्याने ते लपवलं नाही.

पाचवी घटना तर आपल्या काळातली. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओ दि जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. कुर्ट निमुएन्दाजू या जर्मनीत जन्मलेल्या अभ्यासकाने आयुष्य ब्राझीलच्या आदिवासींमध्ये काढलं. १९२७ साली तो रिओ नेग्रोच्या इसाना आणि वाउपेस या उपनद्यांवरही हिंडला होता. त्याची कागदपत्रं त्या संग्रहालयात होती. ती गेली. आज ज्या बोलणारं कुणी उरलेलं नाही अशा भाषांची ध्वनिमुद्रणंही गेली.

पाच माणसं, लूट, बुडालेलं जहाज आणि तीन आगी. हे सगळं एका ओळीत मांडल्यावर वाटतं की या नदीचं काही म्हणजे काही टिकलं नसणार. पण नदीच्या वरच्या अंगाला गेलात तर चित्र वेगळं दिसतं.

तिथे साव गाब्रिएल दा काशोएइरा नावाचं गाव आहे. तिथली बहुतेक वस्ती आदिवासी. २००२ साली या गावाने पोर्तुगीजच्या बरोबरीने तुकानो, बानिवा आणि न्येंगातू या तीन भाषांना अधिकृत दर्जा दिला. ब्राझीलमधली ही पहिलीच अशी घटना. यातली न्येंगातू मूळची किनाऱ्यावरच्या तुपी लोकांची. मिशनऱ्यांनी ती सोयीची म्हणून आत पसरवली आणि तिच्यापायी कित्येक छोट्या भाषा बुडाल्या. मग १७५७ साली पोर्तुगीज सत्तेने फर्मान काढलं की आता फक्त पोर्तुगीज बोला. (गोव्यात कोकणीविरुद्ध असंच फर्मान १६८४ साली निघालं होतं. राज्यकर्ते तेच आणि सवयही तीच.) पण बारे लोकांनी स्वतःची जुनी भाषा गमावल्यावर ही लादलेली न्येंगातूच आपली मानली आणि सांभाळली. जुलै २०२३ मध्ये ब्राझीलची राज्यघटना न्येंगातूत प्रसिद्ध झाली. आदिवासी भाषेत ती पहिल्यांदाच आली आणि प्रकाशन याच गावात झालं.

दुसरी टिकलेली गोष्ट म्हणजे शेत. इथलं मुख्य अन्न कसावा. परकं वाटलं ना? आपण उपासाला खिचडी करतो तो साबुदाणा याच कंदाच्या पिठापासून होतो! दक्षिण अमेरिकेतला हा कंद आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला आणि आपल्या एकादशीत जाऊन बसला. रिओ नेग्रोवरचा कसावा मात्र कडू, विषारी. तो किसायचा, मग तिपिती नावाच्या वेताच्या लांबट विणलेल्या नळीत भरून ती ताणायची. नळी आवळली जाते आणि विषारी रस पिळून बाहेर पडतो. मग पीठ भाजायचं किंवा भाकरीएवढ्या मोठ्या पोळ्या करायच्या. तिथल्या बायका कसाव्याचे कितीतरी वाण आपापल्या शेतात लावतात, त्यांची नावं ठेवतात, आईकडून, सासूकडून, मैत्रिणीकडून कांड्या आणतात. ज्या नदीला ‘भुकेची’ म्हटलं, तिच्या काठावर बायकांनी हा ठेवा सांभाळला. २०१० साली ब्राझीलच्या वारसा खात्याने या शेतीपद्धतीचीच राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली.

तिसरी गोष्ट दगडांची. वाउपेसवरच्या तुकानो आणि त्यांच्या शेजारच्या लोकांची समजूत अशी की त्यांचे पूर्वज एका अ‍ॅनाकोंडाच्या रूपातल्या नावेतून नदीने वर आले, जागोजागी थांबले आणि प्रत्येक थांब्यावर एकेक कुळ उतरलं. धबधबे, खडक, डोह हे सगळे त्या प्रवासातले थांबे. आपल्याकडे वनवासातला राम प्रत्येक तालुक्यात थांबून गेलाय, तसंच. फरक एवढाच की त्यांच्याकडे ही गोष्ट म्हणजे नदीचा पाठ केलेला नकाशाही आहे. खडकांवर कोरलेली चित्रं वॉलेसनेही पाहिली आणि उतरवून घेतली होती. वाउपेसवरचा याउआरेतेचा धबधबा २००६ साली पवित्र स्थळ म्हणून राष्ट्रीय वारशात नोंदला गेला.

आता एक ताजी गोष्ट. मानाउसच्या बंदरात १९०२ पासून नदीची पातळी रोज मोजतात. जून २०२१ मध्ये ती ३०.०२ मीटरवर गेली, तोवरचा सर्वात मोठा पूर. ऑक्टोबर २०२३ मध्ये १२.७० मीटरपर्यंत उतरली, तोवरचा सर्वात मोठा दुष्काळ. आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, तोही विक्रम मोडून ती १२.११ वर आली. तीन-साडेतीन वर्षांत जवळजवळ अठरा मीटरचा फरक, सहा मजली इमारतीएवढा! वर सांगितलेलं माशांचं आणि फळांचं सगळं गणित पुराच्या वेळेवर बेतलेलं आहे. वेळ चुकली तर ते चुकणार. नदीकाठच्या गावांना तर होडी हीच बस आणि होडी हीच रुग्णवाहिका. पाणी आटलं की गावं तुटतात.

२०२३ च्या त्या दुष्काळात संगमाजवळच्या खडकांवरून पाणी उतरलं आणि खाली चेहरे दिसले. माणसांचे चेहरे, दगडात कोरलेले. कुणी हसरं, कुणी गंभीर. शेजारी हत्यारांना धार लावल्याच्या खाचा. अभ्यासकांच्या अंदाजाने हे काम एक ते दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे. याआधी २०१० च्या दुष्काळात ते दिसले होते. ओरेयानाची नाव शेजारून गेली तेव्हाही ते तिथेच होते, पाण्याखाली.

ते चेहरे दिसले म्हणून आनंद मानावा की ते दिसण्याइतकं पाणी उतरलं म्हणून धास्ती घ्यावी, हे तुम्हीच ठरवा. मला दोन्ही वाटलं.

हे सगळं वाचून मनात राहिली ती एक साधी गोष्ट. वही जळू शकते, जहाज बुडू शकतं, संग्रहालयही सुरक्षित नाही. नाव मात्र कुणीतरी वापरत असेपर्यंत राहतं. म्हणजे वही नको असं नाही हं. वॉलेसने पेटीत चित्रं कोंबली नसती तर मीही आज हे लिहीत नसतो. पण वापरणारी माणसं संपली तर नुसत्या वहीत मानाउससारखी पाटी उरते.

तर नातेवाईक मंडळींना एक विनंती. आपल्या गावच्या नदीतल्या, ओढ्यातल्या माशांची नावं आठवतील तेवढी खाली लिहा. मरळ, वाम, शिंगाळा, मळ्या इथपर्यंत माझी गाडी पोचते. पुढचं आत्या-काकांना ठाऊक असणार. आणि नुसतं नाव नको. तो मासा कुठे मिळायचा, कुठल्या महिन्यात चढायचा आणि कालवण कसं करायचं, तेही लिहा. मग पुढच्या वेळी गावी गेलो की बघू, त्यातलं काय काय अजून पोहतंय.